'प्रार्थना करू या' म्हणण्याआधी

रेव्हरंडची_नात

सगळ्यांना सलाम. (आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत भेटल्यावर अजून सलामच करतात, नव्या सभासदांनी दचकू नये.)

गोष्ट गेल्या महिन्यातली. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) गृहभेटीचा गट आहे. कुणी आजारी असेल, कुणाकडे मयत झालेली असेल, तर दोघीतिघी जाऊन बसतो. शास्त्रातला उतारा, एखादं गीत, प्रार्थना, चहा. नऊ वर्षं करते आहे. मला वाटायचं, बरं जमतं आपल्याला.

एका मावशींकडे गेलो होतो. तरुण मुलगा गेला, त्याला चार महिने झाले होते. कंपनीत पहिल्या शिफ्टला असायचा. घर एका खोलीचं, ओटा आणि बैठक एकातच. मावशी चहा गाळत होत्या. ओट्याच्या कडेला एक मोबाईल चार्जिंगला लावलेला, काचेला कोपऱ्यात तडा. मावशी गाळणं हातात धरूनच म्हणाल्या, "त्याचा फोन मी अजून रोज रात्री चार्जिंगला लावते बघ."

एवढंच वाक्य. माझ्या घशाशी आवंढा आला आणि मी म्हटलं, "मावशी, प्रार्थना करू या का आपण?"

मावशींनी गाळणं ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, मान खाली घातली. मी प्रार्थना केली. चांगली केली, खोटं कशाला बोलू. सांत्वन, आशा, पुनरुत्थान, सगळं आलं तिच्यात. आमेन झालं तेव्हा चहावर साय धरली होती. मावशी म्हणाल्या, "थांबा, बिस्किटं देते." फोनचा विषय परत निघाला नाही.

जिना उतरताना बरोबरची मैत्रीण म्हणाली, "त्या काहीतरी सांगणार होत्या गं."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतो आहे. आम्ही ख्रिस्ती माणसं प्रार्थना बुचासारखी वापरतो का? समोरच्याचं दुःख फसफसून वर यायला लागलं की आपल्यालाच सोसत नाही, मग हे बूच दाबून बसवायचं. देवाचं नाव निघाल्यावर कोण नाही म्हणणार? 'थांब, मला आधी बोलू दे' असं म्हणायची मावशींची काय प्राज्ञा होती? ती प्रार्थना मी त्यांच्यासाठी केलीच नाही, माझ्या घशातल्या आवंढ्यासाठी केली.

बायबल उघडून बसले तर आणखीच लाज वाटली. यरीहोच्या रस्त्याकडेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतो आहे. त्याला काय हवंय ते शेंबडं पोरही सांगेल. तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? (मार्क १०:५१). अम्माऊसच्या वाटेवर तर कमाल आहे. दोन शिष्य यरुशलेमात काय काय घडलं ते बोलत चाललेत, पुनरुत्थित येशू अनोळखी वाटसरू होऊन त्यांना गाठतो आणि विचारतो, 'कोणत्या गोष्टी?' (लूक २४:१९). ज्याच्यावर बेतलं तोच विचारतोय! आणि ते दोघे त्याला त्याच्याच मरणाची बातमी सांगत बसतात. तो मध्ये तोडत नाही.

मला सगळ्यात जास्त छळतो तो मार्कच्या पाचव्या अध्यायातला याईर. सभास्थानाचा अधिकारी, बारा वर्षांची लेक मरणाच्या दारात, येशूला घेऊन घाईघाईने निघालाय. वाटेत गर्दीत बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई मागून येऊन वस्त्राला शिवते आणि बरी होते. झालं की काम! पण येशू थांबतो, वळतो, कोण शिवलं म्हणून विचारतो. मग तिने 'सर्व खरेखरे' सांगितलं, असं मार्क लिहितो. बारा वर्षांचं दुखणं, वैद्यांमागे घालवलेला सगळा पैसा, हे काही दोन वाक्यांत सांगून होत नाही. याईर तिथेच घामाघूम उभा असणार. आणि येशू तिच्याशी बोलतो आहे तोवर निरोप येतो की मुलगी गेली. ती पुढे उठते हे आपल्याला माहीत आहे, त्या क्षणी याईरला नव्हतं. प्रवचनात आम्ही या बाईचा विश्वास सांगतो, त्या खोळंब्याबद्दल कुणी बोलत नाही.

उलटं उदाहरण ईयोबाच्या मित्रांचं. (ईयोब म्हणजे बायबलातला, संकटांवर संकटं कोसळलेला नीतिमान माणूस.) अलीफज, बिल्दद, सोफर. त्याचं दुःख पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर तिघंही बरोबर होते. मग तोंड उघडलं आणि पानंच्या पानं ईयोबाला देवाचं वागणं समजावत सुटले. शेवटी देवाचा राग त्यांच्यावर (ईयोब ४२:७). गंमत म्हणजे ते देवाची बाजू घेत होते.

थोडं भाषेबद्दल, कारण मला त्याची खोड आहे. लोकसमुदाय पाहून येशूला त्यांचा 'कळवळा आला' असं आपल्या मराठी बायबलात आहे (मत्तय ९:३६). मूळ ग्रीक शब्दाच्या पोटात 'स्प्लांख्ना' आहे, म्हणजे आतडी. इंग्रजीत हे समजवायला तळटीप लागते, आपल्याला नाही लागत. आतडं तुटतं, पोटात कालवतं, 'तो माणूस आतड्याचा' म्हणतो आपण. आणि दुसरा शब्द 'ऐकून घेणे'. मराठीत 'ऐक' म्हणजे कानाने ऐक आणि 'माझं ऐक' म्हणजे मी सांगते तसं कर. गृहभेटीला जाताना आम्ही बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थाने तयार होऊन जातो, आमचं ऐकवायला.

माझे आजोबा पाळक होते, नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत सायकलवर हिंडायचे. ते गेल्यावर एका म्हाताऱ्या माणसाने मला सांगितलं, "तुझा आजा बसला की आधी हातातलं घड्याळ काढून खिशात घालायचा." त्यांची प्रवचनं कुणालाच आठवत नाहीत.

तर विचारायचं होतं ते हे. ऐकणं ही आपापल्या परंपरेत साधना म्हणून कुणी केली आहे का? कशी करतात? जमतं का? फक्त ख्रिस्ती सभासदांनीच लिहावं असं काही नाही.

---

तिरकस

धागा आवडला. एक खोडी काढतो. अम्माऊसच्या वाटेवर सगळं ऐकून झाल्यावर येशूने त्या दोघांना काय हाक मारली? 'निर्बुद्ध'! पुढच्या काही ओळींतच आहे. म्हणजे नीट ऐकून घेतलं की मग झापायला हरकत नसावी. दिवे घ्या.

---

रेव्हरंडची_नात

@तिरकस, घेतले. हरकत नाहीच. पण क्रम पाळा. माझ्या नवऱ्याला हे वाक्य वाचून दाखवणार नाहीये, तो फक्त उत्तरार्ध लक्षात ठेवेल.

---

कुपारी_पोरगा

वसईहून. आम्ही कॅथलिक, त्यामुळे 'ऐकणारा माणूस' आमच्याकडे चर्चच्या फर्निचरमध्येच आहे. प्रायश्चित्त संस्काराचं ते लाकडी खोपटं आणि जाळी. (गोव्यातले पाहुणे त्याला कुमसार म्हणतात.) लहानपणी आम्ही पोरं रांगेत उभं राहून पापांच्या याद्या जुळवायचो, भावाला मारलं, आईशी खोटं बोललो, मिस्सात हसलो. एकाची यादी दुसरा उसनी घ्यायचा. जाळीपलीकडचे फादर काय करत असतील याचा कधी विचार केला नाही. आता चाळिशीत वाटतं, दर शनिवारी तासन् तास हे ऐकायचं, आणि बाहेर पडल्यावर त्यातलं अक्षर कुणाला सांगायचं नाही, जीव गेला तरी नाही, हे सोपं नाही. धर्मगुरूने ते गुपित फोडलं तर चर्चच्या कायद्यात त्याला बहिष्काराचीच शिक्षा आहे.

पण तुमच्या प्रश्नाला जवळचं उदाहरण दुसरं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जी सिनड (चर्चची विचारविनिमयाची सभा) सुरू केली, तिच्यात 'आत्म्यातील संवाद' नावाची पद्धत वापरली. २०२३ च्या ऑक्टोबरात रोममध्ये बिशप, सिस्टर, साधे प्रापंचिक लोक गोल टेबलांभोवती बसलेले फोटो तुम्ही पाहिले असतील, ते तेच. तीन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपलं सांगायचं, कुणी उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही. मग काही मिनिटं शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचं मत पुन्हा मांडायचं नाही, इतरांच्या बोलण्यातलं काय मनाला लागलं तेवढंच सांगायचं. परत शांतता. तिसऱ्या फेरीत मिळून पुढचं बोलायचं.

आम्ही आमच्या गावात आठ जणांनी करून पाहिलं. पहिली फेरी झकास, बोलायला सगळ्यांनाच आवडतं. दुसऱ्या फेरीत वाडीवाल्या एका काकांची पाळी आली. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मला कुणाचंच काही आठवत नाही. माझी पाळी येईपर्यंत मी माझंच जुळवत होतो आणि माझं झाल्यावर, बरं बोललो का, याचा विचार करत होतो." सगळे हसले. पण मग खरं सांगायला सुरुवात झाली, निम्म्यांचं तेच झालं होतं. माझंही.

मला विचाराल तर सगळी साधना त्या दुसऱ्या फेरीत आहे. शांतता पाळणं सोपं आहे, गप्प बसून मनात भाषण लिहिता येतं.

---

बारा_गावचं_पाणी

लेखन चांगलं आहे, पण स्पष्ट बोलतो. दुःखात असलेल्या माणसाजवळ जाऊन बसायचं, आपुलकीने ऐकायचं, मग प्रार्थना, मग रविवारी या. हा क्रम आमच्या भागात बघितलाय. त्यामुळे 'करुणेने ऐकणं' वगैरे वाचलं की माझे कान टवकारतात.

---

तिरकस

आला, पन्नास प्रतिसादांची सोय झाली.

---

रेव्हरंडची_नात

@बारा_गावचं_पाणी, राग नाही आला. तुम्ही पाहिलं असेल. ज्या ऐकण्याच्या शेवटी समोरच्याने काहीतरी करावं अशी आपली अपेक्षा आहे, ते ऐकणं नव्हे. गळाला आमिष लावून शांत बसणारा कोळीही शांतच असतो. (येशूने शिष्यांना 'माणसे धरणारे' करीन म्हटलं, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.)

पण याच प्रश्नावर एका पाद्र्याने काय केलं ते सांगते. चाड वाराह हा इंग्लंडमधला अँग्लिकन पाळक. १९३५ मध्ये, नवीन असताना, त्याला एका चौदा वर्षांच्या मुलीचा दफनविधी करावा लागला. तिला पाळी आली होती, आपल्याला गुप्तरोग झालाय असं वाटलं, विचारायला कुणी नव्हतं, तिने जीव दिला. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने लंडनमधल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या आपल्या चर्चमध्ये फोन ठेवला, जीव द्यावासा वाटतोय त्यांनी मला फोन करा म्हणून. फोन आले, माणसंही येऊन बसायला लागली. त्याला वेळ पुरेना. बाहेरच्या खोलीत थांबलेल्यांना चहा-कॉफी द्यायला काही स्वयंसेवक होते. काही दिवसांत लक्षात आलं, की बाहेर चहा पिता पिता बोलून झाल्यावर बऱ्याच जणांना आत पाळकाकडे जायची गरजच वाटत नाही. दुसरा कुणी असता तर अपमान वाटून घेतला असता. याने १९५४ च्या फेब्रुवारीत ते काम स्वयंसेवकांच्याच हाती दिलं. तीच समॅरिटन्स संस्था. नाव येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या (इंग्रजीत समॅरिटन, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा) दाखल्यावरून, तेही एका वर्तमानपत्राच्या मथळ्यामुळे चिकटलं. तिथे नियम असा, की फोनवर धर्म सांगायचा नाही.

पाळकाने स्वतः चर्चमध्ये बसून केलेला नियम आहे हा. मला तो फार ख्रिस्ती वाटतो.

---

बारा_गावचं_पाणी

चहावाल्यांची गोष्ट माहीत नव्हती. नियम पटला. सगळीकडे पाळला जातो का, हा माझा प्रश्न राखून ठेवतो.

---

रेव्हरंडची_नात

ठेवा. मीही ठेवलाय.

---

सोपानकाका

माउली, आमच्याकडे नवविधा भक्तीत पहिलं श्रवणच. दासबोधाचा चौथा दशक उघडलात तर पहिलाच समास श्रवणभक्तीचा. आणि ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या तोंडाशी ज्ञानोबा श्रोत्यांकडे काय मागतात? अवधान. पैसा नाही, सेवा नाही, नुसतं अवधान द्या म्हणतात. कीर्तनात जाणकार श्रोता समोर बसला की बुवांचा आवाज बदलतो, हे मी चाळीस वर्षं टाळ धरून पाहतोय.

पण प्रामाणिकपणे सांगतो, आमचं श्रवण देवाच्या कथेचं. शेजारणीच्या रडगाण्याचं श्रवण कुठल्या भक्तीत बसवायचं हे मला कुणी शिकवलं नाही. तुकोबांनी 'जे का रंजले गांजले' म्हणून ठेवलंय, त्यांना आपुले म्हणायचं, एवढं पाठ आहे. म्हणायचं कसं, तर घरी गेल्यावर बायको काही सांगायला लागली की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. आता वाढवणार नाही, असं वचन देत नाही, वय झालंय.

---

रेव्हरंडची_नात

@सोपानकाका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नारायण वामन टिळकांचं म्हणणं होतं की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, तेव्हा तुम्ही आमच्या पुलावर उभे आहात असं समजा. आमच्याकडे ते रडगाणं बसवायला एक जागा आहे, मत्तयाचा पंचविसावा अध्याय. भुकेल्याला खायला दिलं, आजाऱ्याचा समाचार घेतला, तुरुंगातल्याला भेटलात, ते मला केलंत, असं तिथे राजा म्हणतो. म्हणजे आमच्या हिशेबाने शेजारणीचं रडगाणं ही देवाचीच कथा. हिशेब वहीत आहे, वसुली होत नाही.

टीव्हीचा आवाज कमी करा.

---

अबोली

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकते. 'ऐकून घेणं' याचा मराठीत तिसराही अर्थ आहे, तो लेखिकेने सोडला. सासूचं ऐकून घेतलं, नवऱ्याचं ऐकून घेतलं, साहेबाचं ऐकून घेतलं. म्हणजे खाली मान घालून बोलणी खाल्ली. हे खातं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या बायकांकडे आहे. आता त्यावर 'साधना' अशी पाटी लावली की आणखी वीस वर्षं चालेल.

माझ्या मावसबहिणीला नवरा मारायचा. तिने धर्मातल्या एका मोठ्या माणसाला सांगितलं. त्यांनी तासभर अतिशय करुणेने ऐकलं. शेवटी म्हणाले, तूही त्याचं जरा ऐकून घेत जा. कुठला धर्म ते लिहीत नाही, कारण कुठलाही असू शकतो.

---

रेव्हरंडची_नात

@अबोली, चुकलं. सोडला नाही, सुचलाच नाही, आणि तो न सुचणं हेच वाईट आहे, कारण तो अर्थ मी स्वतः भोगलाय.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत ज्यांनी तासभर ऐकलं त्यांनी ऐकलं नाही. मार खाणारी बाई सांगते तेव्हा ती वाट विचारत असते. तिथे ऐकण्याचा शेवट पोलीस, वकील, माहेर, निवारा यांच्यापाशीच व्हायला हवा. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला रस्त्यात बसवून अनुभवकथन करायला लावलं नाही. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, पैसे भरले. त्या दाखल्यात जखमी माणसाच्या तोंडी एकही वाक्य नाही, हे तुमच्यामुळे आत्ता लक्षात आलं.

बाकी, ऐकायला आधी पुरुषांनी बसावं, याला पूर्ण अनुमोदन. आमच्या गृहभेटीच्या गटात अकरा बायका आणि एक काका आहेत, आणि काका गाडी चालवतात.

---

निवृत्त_पाळक

सौ. नात यांस सलाम. बुचाची उपमा झोंबली, कारण ते बूच मी हजारदा लावले आहे.

आमच्या वेळी पाळकीय प्रशिक्षणात एक भाग रुग्णालयात असायचा. दक्षिणेतल्या एका मिशन हॉस्पिटलात मी तीन महिने केले. या पद्धतीचे मूळ अमेरिकेत अँटन बॉइसन नावाच्या पाळकाकडे जाते. हे गृहस्थ स्वतः मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिलेले. बरे झाल्यावर मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लिन (रुग्णालयाचे पाळक) झाले आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथे शिकायला आणू लागले. ग्रंथ वाचता तसा जिवंत माणूस वाचायला शिका, हा त्यांचा आग्रह.

आम्हाला करावे लागे ते असे. रुग्णाला भेटून आल्यावर संभाषण आठवून शब्दशः लिहायचे. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये कोण किती वेळ गप्प होते, कोणी कुठे पाहिले. मग ते पाच-सहा सहकाऱ्यांपुढे वाचायचे. त्याहून कठोर आरसा मी पाहिलेला नाही. माझा पहिला कागद अजून आठवतो. पाय कापलेला शेतकरी. तो म्हणाला, "आता नांगर कोण धरणार?" त्यापुढे माझ्या हस्ताक्षरात होते, "देव मार्ग काढील. आपण स्तोत्र २३ वाचू या." आमच्या शिक्षिकेने एवढेच विचारले, "त्याच्या घरी बैल किती आहेत?" मला माहीत नव्हते. त्याला मुले आहेत का, हेही माहीत नव्हते. स्तोत्र मात्र पूर्ण वाचले होते.

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारले. एकच बैल होता. दुसरा पायाच्या उपचारासाठी विकला होता.

आपण त्या मावशींच्या भेटीचे असे लिहून काढलेच आहे, पहिल्या पोस्टमध्ये. फक्त एक प्रश्न राहिला. फोनचे पुढे काय?

---

वॉर्ड_नंबर_सात

नर्स आहे, कॅन्सर वॉर्डात सोळा वर्षं. धर्माने ख्रिस्ती नाही, पण माझ्या ट्रेनिंगच्या सिस्टर नन होत्या, त्यांनी लावलेल्या दोन सवयी सांगते.

एक, उभं राहून विचारायचं नाही. स्टूल ओढायचं, बसायचं, मग विचारायचं. दोन मिनिटंच बसलं तरी पेशंटला ते दहा वाटतात, आणि दारात उभं राहून दहा मिनिटं बोललं तरी तो म्हणतो, सिस्टर घाईत होत्या.

दोन, रडणाऱ्याला लगेच टिश्यू द्यायचा नाही. त्या म्हणायच्या, टिश्यू दिला की माणसाला वाटतं, आता आवरा. हाताशी ठेवायचा, त्याचा तो घेईल.

आणि एक माझ्याकडून. कुणी ऐकता ऐकता 'आता जगून काय करू' म्हणालं, तर गप्प बसून नुसतं कळवळायचं नाही. सरळ विचारायचं, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सांगायचं, डॉक्टर गाठायचा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. गुपित वगैरे चर्चच्या जाळीत ठीक आहे, तुमच्याआमच्यासाठी नाही.

---

घरकोंबडा

वाचतोय फक्त. माझ्या मित्राची नोकरी जाऊन सहा महिने झाले, मी त्याला नुसत्या लिंका पाठवत असतो. आज फोन करतो. काय बोलू?

---

कुपारी_पोरगा

@घरकोंबडा, 'कसा आहेस' नको, त्याला 'मजेत' हेच उत्तर असतं. 'आज दिवसभर काय केलंस' विचार. आणि मग दुसरी फेरी आठव.

---

रेव्हरंडची_नात

@निवृत्त_पाळक, तुमच्या प्रश्नाने झोप उडवली. काल गेले होते. एकटीच, गट न घेता. बायबल पिशवीत होतं, बाहेर काढलं नाही. मावशी भाजी निवडत होत्या, मेथी. मीही एक जुडी ओढून घेतली. हाताला काम असलं की तोंडाला घाई होत नाही, हे नवीन कळलं.

बऱ्याच वेळाने मीच विचारलं, "मावशी, मागे तुम्ही फोनचं म्हणत होतात. मी ऐकलंच नाही."

मावशी म्हणाल्या, "गजर लावलाय त्याने त्यात. पावणेपाचचा, शिफ्टचा. रोज वाजतो. आधी वाटायचं, बंद करावा, पण मला येत नाही आणि दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाहीये. वाजला की उठते. पाणी तापवायला ठेवते आणि मग लक्षात येतं." मेथीचं एक पान उलटंसुलटं केलं. "चार्जिंग संपलं तर गजर वाजायचा नाही ना. म्हणून लावते."

माझ्या तोंडात तीन गोष्टी आल्या. एक, मी गजर बंद करायला शिकवू का? दोन, पहाटेची वेळ प्रार्थनेला घ्या ना. तीन, एक वचन, ते इथे लिहीत नाही. तिन्ही गिळल्या. वाडीवाले काका आठवले आणि मनातल्या मनात जुळवणी थांबवायचा प्रयत्न केला. अर्धीच थांबली.

मग मावशी त्या कंपनीच्या बसबद्दल बोलल्या, डब्यात त्याला काय लागायचं ते बोलल्या, सुनेबद्दल बोलल्या (ते इथे नाही). पाऊण तास झाला असेल. मेथी संपली, मग निवडलेलीच परत निवडत बसलो. निघताना त्याच म्हणाल्या, "आज प्रार्थना नाही केलीस?"

म्हटलं, "करू का?"

"नको, राहू दे. पुढच्या वेळी. आता भाजी टाकायचीय."

---

निवृत्त_पाळक

पुढच्या वेळी मेथीऐवजी गवार न्या. तिला जास्त वेळ लागतो.